बाण आणि अंगठा

ठाण्याहून घोडबंदरकडे जाऊ लागले की वाटेत बाणच बाण दिसतात. उड्डाणपुलापाशी वळण दाखविणारा बाण, नव्या गृहसंकुलाची वाट सांगणारा बाण आणि राजकीय फलकांवरील धनुष्यबाण. हे धनुष्यबाणाचे चिन्ह निवडणूक आयोगाने 2022 साली गोठविले आणि 2023 साली एका गटास दिले. त्यापायी केवढा झगडा झाला, हे ठाणेकरांस सांगावयास नको. एका चिन्हास एवढे मोल कोठून आले आणि ते चालविणाऱ्या हाताचे काय झाले, याचा विचार येथे करू.

प्रथम शब्द पाहू. शर, इषु, सायक, बाण हे सारे संस्कृत. तीर मात्र फारसीतून आला. खाडीचे तीर संस्कृत आणि भात्यातला तीर फारसी, तरी मराठीत दोघे शेजारी सुखाने नांदतात. औषध रामबाण असते आणि रिकाम्या फुशारकीला ‘काय तीर मारलास?’ असे आपण विचारतो. मराठ्यांच्या फौजेत अग्निबाणासही बाणच म्हणत. दिवाळीत पोरे उडवितात तो त्याचाच धाकटा भाऊ.

बाण अंकही झाला. मदनाचे बाण पाच, म्हणून जुन्या ग्रंथांत व शिलालेखांत ‘बाण’ म्हणजे 5. भूमितीने तर सारे धनुष्यच उचलले. वर्तुळाचा तुकडा तो चाप, त्याची दोरी ती ज्या, आणि दोरीच्या मध्यापासून चापापर्यंतचे अंतर तो शर. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये अर्धज्यांची कोष्टके दिली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त शराची गणिते घातली. ही ज्या अरबीत ‘जीबा’ झाली, पुढे ‘जैब’ म्हणून वाचली गेली आणि लॅटिन भाषांतरात ‘सायनस’ बनली. शाळेतली पोरे ‘साइन’ पाठ करतात ती हीच धनुष्याची दोरी.

कारखान्यातही बाण आहेच. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाच्या दोन टोकांना बाण असतात. ते वाचता आले नाहीत तर कामगाराचा जॉब फुकट जातो. पॉवर प्रेसच्या चाकावर, ते कोणत्या दिशेने फिरावे हे सांगणारा बाण असतो. घोडबंदर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आमच्या परिचयाचा एक कामगार अशाच प्रेसवर काम करी. जाळी लावली की माल कमी निघतो, म्हणून ती काढून ठेविली होती. एके दिवशी त्याचा उजवा अंगठा गेला.

महाभारतातला एकलव्य आम्हांस तेव्हा आठवला. निषादाच्या त्या पोराने विद्या स्वतःच्या कष्टाने मिळविली, आणि द्रोणाने दक्षिणा मागितली ती नेमकी अंगठ्याची. पुढे तो बोटांनी बाण मारी, पण पूर्वीची चपळाई गेली, असे व्यासांनी नोंदविले आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती 30 टक्के घटते असे धरले होते. व्यासांनी जे एका वाक्यात सांगितले, त्याचा हिशेब कायद्याने आकड्यात मांडला. फरक एवढाच की एकलव्यास भरपाई मागण्याची सोय नव्हती. आमच्या माणसास होती. परंतु तीही 1923 पूर्वीच्या कामगारांस नव्हती, हे विसरून चालणार नाही.

भरपाई मिळाली. पण भरपाईने अंगठा परत येत नाही, म्हणून आम्ही जाळीची मागणी सोडली नाही. यंत्राच्या धोकादायक भागास आडोसा हवा, असे 1948 च्या कारखाने अधिनियमातही लिहिले होते. तरी ती बसावयास आम्हांस चार महिने दारात उभे राहावे लागले. अर्जुनाचा नेम सर्वांस ठाऊक असतो. तो ज्या विद्येने साधला तीच विद्या शिकलेल्या दुसऱ्या एका मुलाचा अंगठा कसा गेला, हेही बाणाच्या इतिहासात लिहिले पाहिजे. त्या प्रेसच्या चाकावरचा बाण पूर्वीच्याच दिशेने फिरत राहिला. फक्त त्याच्यापुढे जाळी आली.