लोणा

महारवाड्यातल्या आमच्या घराला पावसाळा सरला की लोणा धरायचा. भिंतीच्या बुडाशी पांढरी पूड फुटायची, पोपडे गळायचे. आजी ते खराट्याने झाडून उकिरड्यावर टाकायची. असल्याच पुडीसाठी एके काळी राजाची माणसे लोकांच्या घरात शिरून भुई खणीत, हे मला फार उशिरा, पुस्तकांतून कळले.

बंदुकीच्या दारूत गंधक आणि कोळसा थोडा. सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा. आणि सोरा धरतो तो माणसाच्या-जनावरांच्या मुताने मुरलेल्या, पावसापासून झाकलेल्या मातीत. म्हणजे गोठ्यात, तळघरात, घराच्या भुईखाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडच्या राजाचे सोरेवाले कुदळी घेऊन येत, भुई उकरीत आणि माती गाड्यांत भरून नेत. १६०६ साली तिथल्या न्यायाधीशांनी या हक्काला मर्यादा घातल्या. एडवर्ड कोक या कायदेपंडिताने त्या नोंदवून ठेवल्या आहेत. राज्याच्या रक्षणासाठी गोठे, तळघरे खणावीत. पण राहत्या घराची भुई नाही. भिंती आणि पाया कमजोर करू नये, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात काम करावे, जागा होती तशी करून द्यावी. तरीही सोरेवाले राहत्या घरांत शिरतच राहिले, आणि अखेर १६५६ साली पार्लमेंटाने मालकाच्या परवानगीवाचून खणायला मनाई केली.

मला या निवाड्याचे अप्रूप वाटते. ज्यांच्या वस्त्या एका हुकुमाने उठवल्या जातात, त्यांना ते वाटणारच.

पण तोफा काही थांबल्या नाहीत. मग सोरा आला कोठून? बिहारातून. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच आणि इंग्रज कंपन्या पाटण्याला तो खरेदी करीत होत्या. १७५८ साली, प्लासीनंतरच्या वर्षी, त्याचा मक्ताच इंग्रज कंपनीने मिळवला. प्लासीला पावसात नवाबाची दारू भिजली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या दारूतला सोरा कोणी उकळला, हे कोणी विचारीत नाही.

उकळणारे होते नोनिया. नोन म्हणजे मीठ. धंद्यावरूनच जातीचे नाव. गावातल्या जुन्या भिंतींजवळची, गोठ्यांभोवतीची माती खरवडायची, ती भरून वर पाणी सोडायचे, खाली झिरपलेले पाणी कढईत आटवायचे. मध्यस्थाकडून उचल घ्यायची आणि माल त्यालाच घालायचा. त्याच मातीतून खायचे मीठही निघते, म्हणून पुढे इंग्रज सरकारने मिठाच्या करापायी त्यांच्या कढयांवर परवाने बसवले. इंग्लंडातला सोरेवाला लोकांच्या शिव्या खाई, पण ते काम त्याच्या मुलाच्या कपाळी जन्मतः लिहिलेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात चिलीच्या खारामुळे बिहारचा सोरा मागे पडला. नोनियांची कुदळ मात्र सुटली नाही; सोऱ्याच्या मातीऐवजी ते तळी, विहिरी आणि रस्त्यांची माती खणू लागले. विसाव्या शतकात त्यांच्यातल्या पुष्कळांनी आपण चौहान राजपूत आहोत असे सांगून जानवी घातली, आणि काही ठिकाणी त्यासाठी जमीनदारांचा मार खाल्ला. जानव्याची वाट आम्ही मानीत नाही. पण ज्याची माती जगभरच्या तोफांत गेली, त्याला स्वतःचे नाव बदलून घ्यावेसे का वाटले, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.