प्याला, पोथी आणि पारायण

वारकऱ्याने दारूविषयीची पुस्तके कशाला वाचायची, अशी शंका आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात येते. तुळशीची माळ गळ्यात पडली त्याच दिवशी मद्य आणि मांस सुटले. मग सुटलेल्या वस्तूची चर्चा का करावी? नाथांचे भागवत, माउलींची ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा एवढे वाचायलाच जन्म पुरत नाही. शंका रास्त आहे. पण मराठी मुलखात व्यसनावर जे लिहिले गेले त्याचा इतिहास पाहिला, तर त्यातले बरेचसे आपल्याच कामाचे आहे असे दिसते.

दारूचे दुखणे जुने आहे, पण गल्लीगल्लीत सरकारमान्य दुकान ही इंग्रजी अमदानीतली गोष्ट. सरकारला अबकारीचे उत्पन्न मिळे आणि दुकाने वाढत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० साली त्यांनी या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्यांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निदर्शने झाली. पण अर्ज आणि निदर्शने दुकानापर्यंत पोचतात. पिणाऱ्याच्या घरात शिरायला गोष्ट लागते. ती गोष्ट राम गणेश गडकऱ्यांनी सांगितली.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ काढून घेतली जाते आणि त्या जळत्या मनाला तळीराम एक प्याला देतो. पुढे घर बुडते, लेकरू जाते, सिंधू जाते आणि शेवटी तो स्वतः विष घेतो. बालगंधर्वांची फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहून थिएटरच्या थिएटर रडल्याचे जुनी माणसे सांगत. माझ्या लहानपणी आमच्या भागात ज्यांनी हे नाटक पाहिले नव्हते, त्यांनाही तळीराम ठाऊक होता. पिणाऱ्याला तळीराम म्हणण्याची रीत तिथूनच पडली.

हे नाटक आम्ही कीर्तनकारांनीही पुष्कळ वापरले. निरूपणात दृष्टान्त म्हणून सुधाकराची दैना सांगितली की मंडप स्तब्ध होतो. पण या गोष्टीची ताकद कुठे आहे आणि कुठे थांबते, हे समजून घ्यावे. ज्याने अजून प्याला उचलला नाही त्याला ती भय घालते आणि ते भय हिताचे आहे. ज्याने शंभर प्याले रिचवले आहेत त्याला मात्र ती एवढेच सांगते की आता तुझा शेवट ठरलेला. परत येण्याची वाट त्या नाटकात नाही. आणि सिंधूचे काय? नवऱ्याच्या हातून जीवघेणा मार खाऊनही ती त्याला वाचवण्यासाठी पोलिसांना खोटे सांगते. त्या काळच्या प्रेक्षकाने त्यात पातिव्रत्य पाहिले. आज मंडपात बसलेली बाई घरी मार खात असेल, तर तिला सिंधू व्हायला सांगणे हे हरिकथेचे काम नव्हे.

दुसरी गोष्ट गाडगेबाबांची. बाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले, संसार उघडा पडला आणि आई सखूबाई लहान डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रात हा भाग वाचताना मन गलबलते. पुढे या डेबूने स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले असतील, पण रीत तिथे मोडली. बाबांना अक्षरओळख नव्हती, तरी कीर्तनात ते समोरच्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. कर्ज काढू नका, देवापुढे बकरे मारू नका, दारू पिऊ नका हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. पिणाऱ्याच्या पोराने सांगितले म्हणून ते पिणाऱ्याला टोचत नसे, लागत असे.

मग कायदा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. दुकाने बंद झाली, हातभट्ट्या पेटल्या. पुढे परवान्यांच्या वाटेने बंदी सैल होत गेली. कायदा नसावा असे मी म्हणत नाही. गावातल्या बायांनी मतदानाने बाटली आडवी केली की गावाला उसंत मिळते, हे आपण पाहिले आहे. पण दुकान बंद झाले तरी माणसाच्या आतली ओढ बंद होत नाही.

त्या ओढीकडे दुखणे म्हणून पाहायला मराठी वाचकाला शिकवले ते अनिल अवचटांनी. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याची तरुण पोरे गर्दच्या धुरात जाऊ लागली, तेव्हा त्यांनी त्या पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलून लिहिले. ‘गर्द’ हे पुस्तक त्यातूनच आले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाखाची देणगी देऊ केली. डॉ. अनिता अवचटांनी काम अंगावर घेतले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. वाचनाचे याहून रोकडे फळ कोणते? कुणी लिहिले, कुणी वाचले आणि हजारो घरांना आसरा झाला.

आता एक परदेशी पुस्तक. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन पिणारे एकमेकांना भेटले. एक शेअरबाजारातला, दुसरा डॉक्टर. एकट्याने सुटत नाही, पण दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळे बोलले की आजचा दिवस निभावतो, हे त्यांना उमगले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संगत वाढली. १९३९ साली त्याच नावाचे पुस्तक निघाले. त्यात बारा पायऱ्या आहेत आणि सुटलेल्या माणसांच्या आपबीत्या आहेत. आपल्याकडेही त्यांच्या बैठका भरतात. तिथे ते पुस्तक मोठ्याने वाचले जाते, पुन्हा पुन्हा तेच वाचले जाते. आपण याला पारायण म्हणतो. माझ्या बळावर हे होत नाही ही कबुली, आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जाणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि संगत न सोडणे, एवढा त्याचा गाभा. वारकऱ्याला यात परके काय आहे? शरणागती, अनुताप आणि संतसंग हाच आपलाही मार्ग. घरच्यांसाठीही १९५१ पासून त्यांची वेगळी संगत आहे, कारण एक पितो आणि सारे घर आजारी पडते.

आता आपल्या दाराशी येऊ. कबनूर इचलकरंजीला चिकटलेले. रात्रंदिवस माग चालतात, पाळ्या बदलतात, आठवड्याचा पगार हातात पडतो आणि घराच्या वाटेवर दुकान असते. असा एखादा माणूस वारीला येतो, चंद्रभागेत स्नान करून माळ घालतो आणि त्याच दिवशी दारू तोडतो. तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागतात, झोप उडते, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसतात, कधी झटकाही येतो. लोक म्हणतात बाधा झाली, नाहीतर माळेचा अपमान केला म्हणून देव कोपला. या पुस्तकांतून कळते की वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडले की शरीर असा उठाव करते. त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला अंगाऱ्याबरोबर दवाखानाही लागतो. माळ जरूर घालावी, पण डॉक्टरला विचारून दारू उतरवावी. हे ज्ञान एखाद्या दिंडीप्रमुखाजवळ असले तर एक जीव वाचेल.

दुसरा प्रसंग त्याहून नेहमीचा. माळ घातलेला सहा महिन्यांनी घसरतो. लाजेने माळ काढून खुंटीला अडकवतो आणि भजनाला यायचे बंद करतो. आपणही त्याच्या घरावरून जाताना मान वळवतो. नेमके त्याच वेळी त्याला टाळकऱ्यांची गरज सगळ्यांत जास्त असते. घसरणे हा त्या दुखण्याचा भाग आहे, असे हे सारे अनुभवी लोक लिहितात. पांडुरंग विटेवर उभा राहून वाट पाहतो असे आपण रोज सांगतो. मग आपण दार का लावावे? नियम सैल करू नये. माळेची मर्यादा राहू द्यावी. पण माणसाला परत यायला पायरी ठेवावी.

आणि हे सांगण्याचा अधिकार हवा असेल तर आपलीही झडती घ्यावी. गळ्यात तुळस आणि कमरेला तंबाखूची चंची, असे दृश्य दिंडीत नवे नाही. मंडपामागे मावा चोळणारे हात थोड्या वेळाने टाळ धरतात. मद्य निषिद्ध आणि तंबाखू क्षम्य, ही सोय आपण करून घेतली आहे.

म्हणून विनंती एवढीच. गावोगावच्या भजनी मंडळांनी ज्ञानेश्वरी-गाथेशेजारी फळीवर गाडगेबाबांचे चरित्र, ‘गर्द’, ‘मुक्तांगणची गोष्ट’ अशी दोन-चार पुस्तके ठेवावीत. एकादशीला हरिपाठ झाला की एखादे पान मोठ्याने वाचावे. नाव कुणाचे घेऊ नये, बोट कुणाकडे दाखवू नये. ज्याला ऐकायचे आहे तो कुठेतरी मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसलेलाच असतो. शेजारी त्याची घरधनीण असते, तिच्याही कानावर पडेल.

रामकृष्ण हरी.