असेंबल्ड संगणक : चालू होताच बंद पडणे

सुटे भाग जोडून तयार केलेल्या नव्या संगणकाची कळ दाबली की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि थोड्याच वेळात यंत्र आपोआप बंद पडते, असा बिघाड. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ आहे. अशा बाजारातून भाग घेऊन जोडलेल्या संगणकाच्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते. त्यामुळे दोष नेमका कोणत्या भागात आहे, हे बहुधा ग्राहकालाच शोधावे लागते. या शोधात पहिला धागा मिळतो तो वेळेचा : कळ दाबल्यापासून किती सेकंदांनी यंत्र बंद पडले?

कार्यपद्धती : १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स मानकानुसार एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा संच) प्लगला जोडून मागचे बटण चालू केले की मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा मिळतो. कॅबिनेटची कळ दाबल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसला इशारा देतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते ठरलेल्या मर्यादेत स्थिर झाले की एसएमपीएस ‘पुरवठा ठीक’ असा संकेत पाठवतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. प्रवाह किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, तर एसएमपीएस स्वतःहून बंद होतो. म्हणजे बंद पडणे हा पुष्कळदा बिघाड नसून बचाव असतो आणि दोष दुसऱ्याच भागात असतो.

वेळेवरून निदान : कळ दाबताच क्षणार्धात बंद पडल्यास शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा. मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ, आत पडलेला स्क्रू आणि प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन ही नेहमीची कारणे होत. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल खोबणीत बसली, तरी तिच्या तारांची रचना वेगळी असू शकते. ती वापरल्यास हार्ड डिस्क जळू शकते.

एक-दोन सेकंदांनी बंद पडून यंत्र पुन्हा आपोआप चालू होत असेल, तर रॅम नीट बसलेली नसणे, प्रोसेसरच्या पुरवठ्याची ४ किंवा ८ पिनांची केबल राहून जाणे किंवा मदरबोर्डचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नसणे संभवते. डीडीआर ५ रॅम असलेला संगणक पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करताना काही मिनिटे काळा पडदा दाखवतो, एखाद्या वेळी स्वतःच रीस्टार्टही होतो. तो दोष नव्हे. अशा वेळी वीज तोडू नये.

दरवेळी चार-पाच सेकंदांनीच बंद पडत असल्यास कॅबिनेटची कळ तपासावी. कळ सुमारे चार सेकंद दाबून धरली की संगणक बंद होतो, आणि आत अडकलेली कळ नेमके हेच करते. कळेची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. यंत्र चालू राहिले, तर कळ सदोष.

त्याहून उशिरा बंद पडत असल्यास उष्णता हे संभाव्य कारण. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायचे राहणे, थर्मल पेस्ट नसणे, एखादा स्क्रू सैल असणे किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायर न जोडणे, या चुका नव्या जोडणीत आढळतात. गेम सुरू केल्यावरच बंद पडत असेल, तर ग्राफिक्स कार्डच्या मानाने एसएमपीएसची क्षमता पुरते का, ते पाहावे.

घरचा वीजपुरवठा : महावितरणचा घरगुती पुरवठा नाममात्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. सैल प्लग किंवा ढिला एक्स्टेन्शन बोर्ड हे बंद पडण्याचे साधे कारण, म्हणून संगणक आधी थेट भिंतीवरील सॉकेटला लावून पाहावा. वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद होत असेल, तर यूपीएसची क्षमता तपासावी. स्वस्त यूपीएसच्या विजेच्या लहरीचा आकार काही एसएमपीएसना मानवत नाही. जुन्या वायरिंगच्या घरांत अर्थिंग नसल्यास कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. क्षणात बंद पडण्याचे ते सहसा कारण नसते. तरीही अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

शोधाचा क्रम : वीज तोडून मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढावा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवू नये, कारण तिचा पृष्ठभाग वीजवाहक असू शकतो. प्रोसेसर, कूलर व रॅमची एकच पट्टी एवढेच लावून यंत्र सुरू करावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसेल, तर कार्डही लावावे. यंत्र टिकले, तर एकेक भाग वाढवत जावे, आणि प्रत्येक वेळी आधी वीज तोडावी. ज्या भागानंतर ते बंद पडेल, तो भाग किंवा त्याची केबल संशयित. न टिकल्यास रॅमची पट्टी व खाच बदलावी, मग चालू स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. बचावासाठी बंद झालेला एसएमपीएस पुष्कळदा लगेच चालू होत नाही. त्याचे मागचे बटण काही वेळ बंद ठेवावे लागते.

मर्यादा : एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी व काळी तार जोडून पंखा फिरतो का, हे पाहण्याची पद्धत रूढ आहे. त्यातून तो सुरू होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही ते कळत नाही. एसएमपीएसचे झाकण मात्र घरी उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार काही काळ राहू शकतो.