साखळीच लांबली तर?

जमीन मोजायची साखळी उन्हात स्वतःच लांबत असेल, तर मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा? १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांची पोलादी साखळी १०० फुटांची. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की ती जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांबते. किरकोळ वाटतं ना? पण पायारेषा साडेसात मैलांची, म्हणजे साखळी ४०० वेळा टाकायची. गुणाकार करून बघा: जवळजवळ १.४ मीटर! आणि पुढचे सगळे त्रिकोण याच रेषेवर उभे. तिची चूक नकाशाभर पसरणार. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, थर्मामीटर बघून हिशेब दुरुस्त केला जाई.

१८२३ मध्ये लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी थॉमस कोल्बी यांच्या जोडपट्ट्या आणल्या. लोखंड आणि पितळ शेजारी-शेजारी. पितळ जास्त प्रसरण पावतं. टोकांना आडव्या पट्ट्या अशा बसवलेल्या, की दोन्ही धातू लांबले तरी त्यांवरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा याच पट्ट्यांनी मोजली. प्रसरण थांबलं नव्हतंच. फक्त एका धातूचं दुसऱ्याने सावरून घेतलं होतं.