एका वाक्याची किंमत

पटकी-देवींप्रमाणें बंदुकीच्या मृत्यूंचाही कार्यकारणभाव शोधावा, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांतील वैद्यांस १९८० नंतर वाटूं लागलें. १९९३ सालीं आर्थर केलरमन प्रभृतींचा निबंध निघाला. ज्या घरांत बंदूक, तेथें खुनाचा संभव सुमारें पावणेतीनपट, असें त्यांत आढळलें. रक्षणार्थ आणलेलें शस्त्र घरावरच उलटतें, हें राष्ट्रीय रायफल संघास झोंबलें.

१९९६ सालीं जे डिकी या प्रतिनिधींनीं अर्थविधेयकांत एक वाक्य घातलें : या निधींतून शस्त्रनियंत्रणाचा पुरस्कार होऊं नये. संशोधनास मनाई नव्हती. पण त्यावर पूर्वीं खर्चिलेले नेमके २६ लक्ष डॉलर तेवढे काढून घेतले गेले. शहाण्या अधिकाऱ्यास इशारा पुरतो! पुढें वीस वर्षें या विषयास सरकारी पैका जवळजवळ मिळालाच नाहीं.

मौज अशी कीं, त्या केंद्रांतील डॉ. मार्क रोझेनबर्ग यांच्याशीं डिकींचा पुढें स्नेह जडला. मोटारी बंद न करतांही अपघाती मृत्यु घटले, तसेंच येथेंही साधेल, असें उभयतांनीं २०१२ सालीं लिहिलें. २०१९च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, तेव्हां डिकी हयात नव्हते. २०२१ सालीं त्या देशांत ४८,८३० माणसें गोळीनें मेलीं. निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हातानें.