भंडारदरा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यालगतचे प्रवरा नदीवरील धरणस्थळ आणि अलीकडे सहकुटुंब तंबूनिवासासाठी विशेष प्रसिद्धीस आलेले ठिकाण. जलाशयास वळसा घालून शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल इ. गावे वसली असून, पर्यटक ज्यास सरसकट भंडारदरा म्हणतात तो परिसर वस्तुतः या साऱ्या गावांच्या शिवारांत विखुरलेला आहे.

रतनगडावर उगम पावणारी प्रवरा ही अगस्ती ऋषींच्या तपाचे फळ होय, अशी या भागातील श्रद्धा आहे. गडाच्या पायथ्याशी रतनवाडीस भूमिज शैलीतील अमृतेश्वराचे मंदिर असून ते शिलाहार राजा झंझ याने बांधल्याचे परंपरा सांगते. जवळच विष्णुमूर्तींच्या कोनाड्यांची रेखीव पुष्करणी आहे. इंग्रजी अमलाविरुद्ध बंड उभारून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे हे याच मुलखातील महादेव कोळी समाजाचे. जलाशयास आता त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जिल्ह्याचा पश्चिम डोंगरपट्टा अतिवृष्टीचा आणि पूर्वेकडील मैदान कायमचे अवर्षणग्रस्त, ही विषमता ध्यानी घेऊन तत्कालीन मुंबई सरकारने १९१० मध्ये येथे दगडी धरणाचे काम हाती घेतले आणि ते १९२६ मध्ये पूर्ण होऊन त्यास गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. सुमारे २७० फूट उंचीच्या या धरणाची गणना त्या काळी देशातील अत्युच्च धरणांत होत असे. साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट असून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास धरण भरावे, असा लाभक्षेत्रातील लोकांचा ठोकताळा आहे. १९६९ मध्ये भिंतीस तडे गेल्याचे आढळल्यावर पुढील काही वर्षांत तिची मजबुती करण्यात आली. भिंतीतील मोरीतून पाणी सोडले असता ते पायथ्याच्या गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पसरते. हाच सुप्रसिद्ध ‘अम्ब्रेला’ धबधबा असून विसर्ग बंद असता तेथे केवळ काळा कातळ दिसतो.

पूर्वी पाटबंधारे खात्याचा बंगला आणि पुढे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान एवढ्यावरच प्रवाशांची भिस्त असे. परंतु मुंबई, पुणे व नाशिक येथील कुटुंबे मुलाबाळांसह उघड्यावर रात्र काढण्यासाठी येऊ लागल्यापासून काठच्या गावकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत तंबू उभारण्यास प्रारंभ केला. भातकापणी आटोपली की कार्तिकापासून पाण्यालगतची खाचरे मोकळी होतात; धसकटे अंगाला टोचू नयेत म्हणून त्यांवर पेंढा, पेंढ्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर गादी, असा थर घालून तंबू ठोकले जातात. रात्री पिठले, भाकरी व ठेचा, आणि थंडी कडक असल्यास तंबूसमोर घमेल्यात निखारे, हा सर्वत्र आढळणारा क्रम होय. घमेले तंबूच्या आत घेऊन निजण्याचा मोह निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे जिवावर बेतू शकतो. बुडीत जमिनीचा उतार एकसारखा नसल्याने काठाचे उथळ पाणीही विश्वासार्ह नाही, सबब मुलांस त्यात उतरू देऊ नये. पावसाळ्यात वाऱ्यापुढे तंबू टिकत नाहीत. त्या दिवसांत गावकऱ्यांच्या घरीच उतरणे सोयीचे.

मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांचे थवे लखलखतात व तंबूंची मागणी पराकोटीस पोहोचते. हा मुलूख १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यास (क्षेत्रफळ ३६१.७१ चौ. किमी.) लागून व अंशतः त्यातच असल्यामुळे मोटारींचे प्रखर दिवे आणि ध्वनिवर्धक यांचा उपद्रव येथे केवळ गैरशिस्त ठरत नाही, मीलनासाठी प्रकाशावर विसंबणाऱ्या या कीटकांच्या वंशवृद्धीसच तो बाधक आहे. वर्षअखेरच्या रात्रीची झुंबड पाहता कुटुंबांनी ती तारीख टाळावी, हे उत्तम.

भात, नागली व वरई ही मुख्य पिके. हिरडा गोळा करणे हा जोडधंदा.

धरणाचे पाणी प्रवरेतून ओझर बंधाऱ्यास व तेथून कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील उसास जाते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या गावांच्या पदरात जलाशयापासून थेट पडणारे उत्पन्न म्हणून तंबूव्यवसायाचा उल्लेख केला पाहिजे, आणि म्हणूनच येथील राहण्याचा मोबदला शक्यतो स्थानिक मालकाच्याच हाती द्यावा.

मुंबई-नाशिक महामार्गावरील घोटीहून बारीमार्गे पक्का रस्ता आहे. सोयीचे रेल्वेस्थानक इगतपुरी.