गार हवा कोणाच्या वाट्याला?

नवतपा तोंडावर आला आहे. अशा दिवसांत आपण बैठकीला, बँकेत, दवाखान्यात जायला गाडीत बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, एसी चालू आहे ना?" आज त्याच एसीचा आणि त्याच्या शेजारी तापणाऱ्या इंजिनाचा इतिहास सांगायचा आहे. त्याला कारण घडलं ते आमच्याच गटांच्या प्रवासात.

दोन उन्हाळ्यांपूर्वी केशोरीहून आम्ही दहा जणी गाडी ठरवून गोंदियाला बैठकीला निघालो. एसीचे म्हणून भाड्यात जास्तीचे पैसे ठरले होते. नवेगावबांध मागे टाकलं आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने एसी बंद केला. म्हणाला, "ताई, इंजिन गरम होतंय." आम्हाला वाटलं, डिझेल वाचवतो आहे. थोड्याच वेळात आमच्यातल्या एका वयस्क काकूंना चक्कर आली, उलटी झाली. सावलीला गाडी उभी केली, ओल्या पदराने काकूंचं अंग पुसलं, थोडं थोडं पाणी पाजलं. काकू सावरल्या. पण परत आल्यावर आम्ही ड्रायव्हरचे जास्तीचे पैसे कापले आणि वर चार शब्दही सुनावले. ते योग्य होतं का, हे शेवटी सांगू.

गारव्याचा शोध यंत्राच्या आधी पाण्याने लावला. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताटीचं तेच. इंग्रजांच्या काळात विदर्भातल्या साहेबांच्या बंगल्यांना उन्हाळ्यात ताट्या लागत. आत साहेब गार आणि बाहेर उन्हात उभं राहून ताटीवर पाणी मारणारा माणूस घामाघूम. आपला कूलर हा त्या ताटीचाच नातू. रेल्वेतही तसंच झालं. १९३४ साली मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला गार डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्या ठेवून हवा गार करत, आणि वाटेतल्या स्टेशनांवर बर्फ पुन्हा भरत. तो डबा वरच्या वर्गाचा. तिसऱ्या वर्गाला खिडकीतली झळ.

मोटारीची गोष्ट थोडी वेगळी, कारण मोटार स्वतःच एक चूल आहे. जळलेल्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा शक्तीच चाकांना मिळते. बाकी बहुतेक उष्णता होऊन धुराबरोबर आणि इंजिनाभोवतीच्या पाण्यातून बाहेर पडते. सुरुवातीच्या मोटारींत हे पाणी उकळून जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर बसवला. पाणी जाळीतून फिरतं, वारा ते गार करतो आणि तेच पाणी पुन्हा इंजिनाकडे जातं. आजच्या गाड्यांचे रेडिएटरही त्याच तत्त्वावर चालतात.

कंपनीतूनच एसी बसवून मिळालेली पहिली गाडी अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची, १९४० च्या मॉडेलची. तिचं गार करणारं यंत्र मागच्या डिकीत होतं. गंमत म्हणजे ते बंद करायला बटणच नव्हतं. इंजिन थांबवायचं, बोनट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! पुढे १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवली. आज आपल्या गाड्यांत तीच पद्धत आहे.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. बेडफर्डची, तीस जागांची, लाकडी बांधणीची. इंजिन नाकासारखं पुढे होतं. नंतरच्या गाड्यांत जागा वाढवायला इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, आतच आलं. त्यावरचं झाकण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गर्दीत त्याच्याजवळ उभं राहून पायाला बसणारे चटके आपण सोसले आहेत, कडेवर लेकरू घेऊन. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला आपल्या आयांना भंडाऱ्याला जावं लागे. तो प्रवास असाच व्हायचा, नाहीतर काळी-पिवळीत दाटीवाटीने.

शहरातल्या फियाट, म्हणजे पद्मिनी गाडीला पुढच्या दाराला त्रिकोणी काच असायची. ती फिरवली की वारा अंगावर येई, तोच एसी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि एसी मध्यमवर्गाच्या गाडीत येऊ लागला. इंजिन लहान असल्याने चढावर लोक एसी बंद करत. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून गाडीचा जोर कमी होतो.

एसीतल्या गॅसलाही इतिहास आहे. जुना गॅस पृथ्वीवरचं ओझोनचं छत्र विरळ करत होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात तो बंद करायचं ठरलं, १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेला गॅस ओझोनला धक्का लावत नाही. पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून "गार होत नाही, गॅस भरून टाका" असं दरवर्षी करणं बरं नाही. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायची, मग गॅस भरायचा.

गार हवेचा हक्क हळूहळू खाली येतो आहे. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी असणं सरकारने बंधनकारक केलं. इतकी वर्षं तापलेल्या केबिनमध्ये बसून आपला धान गिरणीपर्यंत नेणाऱ्या माणसाचा कोणीतरी विचार केला. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा आपण मोठ्या संख्येने बाहेर पडू लागलो. आता साध्या गाडीतल्या झळीचाही विचार व्हावा, ही मागणी आपण ग्रामसभेतून आणि प्रभागसंघातून लावून धरली पाहिजे.

आता आमच्या ड्रायव्हरचं. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकायची जाळी असते रेडिएटरच्या अगदी पुढे. पुढची जाळी बुजली की दोघांचा श्वास कोंडतो. एसी गार करत नाही आणि इंजिन तापतं. काही दिवसांनी त्याच गाडीचं बोनट मिस्त्रीने आमच्यासमोर उघडलं. दोन्ही जाळ्यांच्या मधे उन्हाळी धानाचा कोंडा आणि धूळ वाकळीसारखी जमली होती. मळणीच्या दिवसांत रस्त्यावरून उडणारा कोंडा, आपल्याच शेतातला. ड्रायव्हर खरं बोलला होता. एसी बंद केला नसता तर इंजिन वाटेतच बसलं असतं आणि काकूंना घेऊन आम्ही भर उन्हात अडकलो असतो.

म्हणून आमच्या गटांनी गाडी ठरवताना काही गोष्टी पाळायचं ठरवलं. मळणीनंतर जाळी साफ केली का, हे आधी विचारायचं. ती हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवायची, जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. कुलंट आणि पट्टा बघायला सांगायचं. निघण्याआधी दारं उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग एसी लावायचा. वाटेत काटा वर चढला तर एसी बंद करून थांबायचं, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं. उन्हातल्या बंद गाडीत लेकराला पाच मिनिटंही ठेवायचं नाही. अर्ध्या तासात आतली हवा बाहेरपेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापते. गरोदर बाई आणि वयस्क बाई इंजिनापासून लांबच्या जागेवर बसेल.

ड्रायव्हरचे कापलेले पैसे आम्ही त्याच्या घरी नेऊन दिले. ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तेव्हाच बोनट उघडायला सांगायचं होतं." आता सांगतो. तुम्हीही सांगा.